गाडीत दोष नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार

तक्रार करायची तर तारखा लागतात. सारी नोकरी लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. त्यातल्या निम्म्या लोकांना "कधीपासून?" एवढं विचारलं की ते छताकडे बघायला लागायचे. माझं तसं होऊ नये म्हणून ही वही.

आज सकाळी गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक्. तिसरी वेळ. गाडी जुलैत घेतली, जूनमध्ये मी निवृत्त झालो त्याच पैशातून. वॉरंटी तीन वर्षांची आहे. वॉरंटीचं पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. विकणाऱ्यानेही वाचलं नसेल.

समोरच्या टॅक्सीवाल्याने त्याच्या बॅटरीला वायरी जोडून सुरू करून दिली. म्हणाला, "काका, गाडी चालवत नाही का?" म्हटलं, आठवड्यातून एकदा भाजीला नेतो. म्हणाला, "मग बॅटरी खातं कोण?"

तेच तर शोधायचं आहे. ही म्हणाली, "असू दे ना. नवीन बॅटरी टाकू. गॅरेजात कशाला न्यायची?" (ही म्हणजे माझी बायको. वही पुढे कुणा अधिकाऱ्यासमोर ठेवावी लागली तर कळायला हवं.) तिचा स्वभाव मुळात पडतं घेण्याचा आहे. वॉरंटी असताना पदरचे पैसे घालायला मी काही खुळा नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीच्या गॅरेजात गेलो. काउंटरवर तिशीतली एक बाई बसते. सगळे मेकॅनिक तिला कॅप्टन म्हणतात. केसांत पेन्सिल खोचलेली, एका कानाला फोन, दुसऱ्या हाताने कुणाला तरी थांबा म्हणत असते. तिने मला सरळ सांगितलं, "काका, तपासणीत गाडीचा दोष निघाला तर सगळं वॉरंटीत. नाही निघाला तर तपासणीचे पैसे तुम्ही भरायचे. चालेल?"

"चालेल म्हणजे? दोष आहेच."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं. मी सही ठोकली.

आमच्या खात्यातही हाच नियम होता. पाण्याचं बिल जास्त आलं म्हणून कुणी ओरड केली की मीटर तपासायला मी जायचो. मीटर चुकीचा निघाला तर खर्च खात्याचा, बरोबर निघाला तर फी ग्राहकाची. लोक काय काय बोलायचे! एका आजोबांनी मला जिना उतरेपर्यंत शिव्या घातल्या होत्या. पण तिथली गोष्ट वेगळी. आमचे मीटर खरोखरच बरोबर असायचे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मेकॅनिकने बॅटरीला काडेपेटीएवढं एक यंत्र जोडून दिलं. म्हणाला, गाडी घरी न्या, नेहमीसारखी वापरा, आठवड्याने आणा. बॅटरीतून कधी आणि किती वीज गेली ते यात उतरतं. "म्हणजे मीटरच की!" मी म्हटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं.

हिला सांगितलेलं नाही. आमच्याकडे पद्धतच होती, तपासणी चालू आहे हे घरच्यांना कळू द्यायचं नाही. कळलं की माणसं नळ जपून सोडतात आणि खरा वापर दिसत नाही. आता आमच्या घरात आम्ही दोघंच, हिला गाडी चालवताही येत नाही, पण पद्धत ती पद्धत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी ही साखरेचा डबा शोधत होती. मी गेल्या आठवड्यात सगळे डबे उंचीप्रमाणे लावून दिले आहेत. सवय व्हायला वेळ लागणारच. इतकी वर्षं स्वयंपाकघर कसंही लावलेलं होतं, कुणी लक्षच दिलं नव्हतं.

निवृत्तीचा एक फायदा म्हणजे हिला सोबत झाली. आधी दिवसभर बिचारी एकटी. आता जेवण झालं की मी तिला पेपर वाचून दाखवतो, अग्रलेखासकट, आणि कुठे काय चुकलं आहे तेही समजावतो. ती हं हं म्हणते. मग दोनच्या सुमाराला खाली फेऱ्या मारायला जाते. चांगली दीड तास चालते. या वयात! वर येते तेव्हा ना धाप, ना घाम. प्रकृती उत्तम आहे. मीही येतो म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही पडा जरा. उन्हाचं कशाला?" किती काळजी.

अक्काचा फोन आला होता. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण, मोठ्या घरात एकटी राहते. तिचं टुमणं एकच, सहा महिने माझ्याकडे येऊन राहा, वरची खोली तुझीच. मी खोलीत गेलो तसा हिने फोन ठेवला. म्हटलं, "सहा महिने कशाला? इथे काय कमी आहे?"

"काहीच कमी नाही," ही म्हणाली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संताप झाला आहे. जेवण गेलं नाही.

सकाळी गाडी देऊन आलो, दुपारी बोलावलं म्हणून गेलो. कॅप्टन म्हणते, "काका, गाडीत दोष नाही. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, वायरिंग चांगलं. तपासणीचे पैसे भरावे लागतील."

"मग बॅटरी उतरते कशी?"

"वापर आहे."

"कसला वापर? गाडी उभी असते!"

"उभ्या उभ्याच वापर आहे. घरी विचारून बघा एकदा. शांतपणे."

"घरी कोण आहे? मी आणि बायको. तिला गाडी चालवता येत नाही."

"बसता येतं ना?"

म्हटलं, थट्टा नको. दोष तुम्हाला सापडला नाही, त्याचे पैसे मी का भरू? रोग सापडला नाही म्हणून डॉक्टर पैसे घेतो का? ती म्हणाली, "घेतात की काका." बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मी कॉम्प्युटरवरचा आलेख मागितला. तिने पडदा माझ्याकडे अर्धा वळवला, मग का कोण जाणे, पुन्हा फिरवून घेतला. "आधी घरी बोला. गाडी घेऊन जा, पैसे पुढच्या आठवड्यात द्या."

पुरावा दडवणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत. पैशांचा प्रश्नच नाही, तेवढे पैसे भाजीत जातात. पण खोटं ऐकून घ्यायचं नाही. ग्राहक मंचापर्यंत जाईन.

१ डिसेंबर, सोमवार

आता माझी तपासणी. घरात गळती आहे की बाहेर, हे ठरवायला मी मुख्य कॉक बंद करून मीटरवर नजर ठेवायचो. इथे कॉक म्हणजे किल्ली. दोन्ही किल्ल्या माझ्या कपाटात, कपाटाची चावी माझ्या खिशात. गाडीला कुणीही हात लावणार नाही. बॅटरी मोजायचं साधन टॅक्सीवाल्याकडून मागून आणलं आहे.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "दोन्ही किल्ल्या?" थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, निकाल लागेपर्यंत.

४ डिसेंबर, गुरुवार

बॅटरी ठणठणीत. पहिल्या दिवशी होती तशीच आहे.

घरात मात्र काहीतरी बिनसलं आहे. काल आमटीत मीठ दोनदा पडलं. आज हिच्या हातून पातेलं पडलं आणि ती त्याच्याकडे बघत नुसती उभी राहिली. फेऱ्या मारायला जात नाही, म्हणते पाय दुखतात. दुपारी न्हाणीघरात गेली ती किती तरी वेळ आतच, आणि नळ सोडलेला. मी दार वाजवून सांगितलं की बादली भरली असेल तर नळ बंद कर, पाणी वाया जातंय. नळ बंद झाला. ती बाहेर आली नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "वहिनींना बरं नाही का? काल गच्चीच्या जिन्यावर एकट्याच बसल्या होत्या." मी विचारलं तर ही म्हणाली, हवा खात होते. जिन्यात कसली आली आहे हवा?

बॅटरीचा निष्कर्ष मात्र स्पष्ट आहे. गॅरेजवाल्यांनी दोष गुपचूप दुरुस्त केला आणि वर दोषच नव्हता म्हणून पैसे मागत आहेत. म्हणजे एकाच कामाचे पैसे कंपनीकडूनही आणि माझ्याकडूनही. आता सोडत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

ही अक्काकडे जाणार. सहा महिने.

जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. मी म्हटलं, अक्काचे गुडघे दुखतात म्हणून का? ती म्हणाली, "अक्काचे गुडघे चांगले आहेत." मग का, तर काही नाही. माळ्यावरची मोठी बॅग तिने स्वतः स्टुलावर चढून काढली. मी घरात असताना.

मी बोलायला लागलो, पण तेव्हाही हं हंच झालं. सहा महिने म्हणजे काय हे तिला कळत नसेल असं नाही. मला भीती वाटली. हे इथे लिहायला हरकत नाही, कारण या पानाचा तक्रारीशी संबंध नाही आणि अधिकाऱ्याला देताना ते काढून टाकता येईल. सहा महिन्यांनी ती परत येईलच असं कुणी सांगितलं? घरात मी काय करू? डबे पुन्हा लावू?

७ डिसेंबर, रविवार

कंपनीला तक्रार लिहिली, तीन पानं. मजकूर चांगला जमला आहे. हिला वाचून दाखवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिच्या बॅगेसाठीच. "आठ दिवस गाडीच्या बॅटरीला नोंदणी यंत्र जोडलेले असताना" इथे आलो आणि तिचे हात थांबले.

"कसलं यंत्र?"

मी समजावलं. वीज केव्हा गेली, किती वेळ गेली, सगळं त्यात दिसतं.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"अगं, सांगायचं नसतंच."

"त्या गॅरेजातल्या मुलीने बघितलंय सगळं?"

"बघितलंय, पण दाखवत नाही. मंगळवारी जाऊन आलेख मागणार आहे, मालकासमोर."

ती बराच वेळ एकाच टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मंगळवारी मी येते तुमच्याबरोबर." बरं वाटलं. भांडणात हिने माझी बाजू घेतली, असं फार कमी वेळा झालं आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

मालक आले नव्हते. कॅप्टन होती. बाकावर माणसं होती. मी तक्रारीची प्रत काउंटरवर ठेवली आणि आवाज न चढवता म्हटलं, आलेख दाखवा. कॅप्टनने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या हिच्याकडे. म्हणाली, "काका, राहू द्या ना. तपासणीचे पैसे मी मालकांना सांगून माफ करून घेते. मिटलं."

म्हटलं, "माफी नकोय. दोष कुणाचा ते ठरू द्या."

तेव्हा ही पुढे आली. काउंटरची कडा तिने दोन्ही हातांनी धरली होती. "दाखवू नकोस गं," ती तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "गाडीत मी बसते."

मला कळलं नाही. म्हटलं, "कुठे जायला?"

"कुठे नाही. दुपारी. खाली फेऱ्या मारायला जाते म्हणते ना, तेव्हा. किल्ली घेते, काचा वर करते, पंखा लावते, रेडिओ लावते. आणि बसते."

"रोज?"

"रोज तुम्ही घरी असता ना," ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. बाकावरचं कुणी हसलं नाही. कॅप्टन खाली बघून पेन्सिलीने कागदावर रेघा ओढत होती. तिला आलेख बघितल्यापासून माहीत होतं, आणि माझ्या बायकोची लाज राखायला ती माझी बोलणी खात होती.

मी पैसे भरले. तिने उरलेले परत दिले ते न मोजता खिशात घातले. तक्रारीची प्रत काउंटरवरच राहिली. घरी येताना गाडीत ही तिच्या सीटवर बसली होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मी कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो आहे.

१० डिसेंबर, बुधवार

मी वाईट माणूस नाही. दारू नाही, जुगार नाही, हात उगारला नाही, पगार हातात आणून दिला. आणि माझी बायको माझ्यापासून लांब बसायला बंद गाडीत जाते. हे कुणाला सांगू? वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पेपर वाचला नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आज मीच विचारलं. विचारून गप्प बसलो. जमलं असं नाही, पण बसलो.

ती म्हणाली, "तुम्ही ऑफिसला जायचात, मुलगी शाळेत जायची. तिचं लग्न झालं, तरी दुपार माझीच होती. मी काही करायची असं नाही. भांडी पडलेली असायची, मी खिडकीशी बसायची. कधी झोपायची, कधी गाणं लागलं तर म्हणायची. काय करतेस म्हणून कुणी विचारायचं नाही. आता मी उठले तरी तुम्ही विचारता कुठे चाललीस, बसले तरी विचारता बरं नाही का. डबा उघडला तर म्हणता हा नाही, तो."

"मग सांगायचंस."

"काय सांगणार? तुम्ही बाहेर जा? तुमचंच घर आहे. इतकी वर्षं उन्हातान्हात लोकांचे मीटर बघत फिरलात, आता कुठे बसलात. मला सांगवेना. वाटलं, मीच जावं."

"अक्काकडेही त्यासाठीच?"

"हो," ती म्हणाली. "किल्ली तुम्ही ठेवून घेतलीत. मग मला जागाच राहिली नाही."

किल्ली मी बॅटरीसाठी ठेवली होती. ते तिला सांगावंसं वाटलं, पण त्याने काय होणार होतं? तिला रडू आलं आणि मलाही आलं. मग ती उठून भात लावायला गेली. तांदळाचा डबा हाताला लागेना, मी जागचा उठलो नाही, आणि तिला तो सापडला.

१५ डिसेंबर, सोमवार

चार दिवस झाले, जेवण झालं की दोन वाजता मी बाहेर पडतो. पहिल्या दिवशी ही म्हणाली, "अहो, असं काय, मी काही तुम्हाला घालवत नाहीये." म्हटलं, मला फेऱ्या मारायच्या आहेत, प्रकृतीला चांगल्या असतात. तिला हसू आलं.

बाहेर पडणं सोपं आहे, पण जायचं कुठे? दुपारी वाचनालय बंद असतं. बागेतल्या बाकांवर माझ्यासारखेच बसलेले असतात आणि प्रत्येकाला काहीतरी समजावून सांगायचं असतं. एकाने मला वॉरंटीबद्दल सांगायला सुरुवात केली! दोन दिवस काढले, मग पाय दुखायला लागले आणि कालपासून गाडीत बसतो आहे.

खरं सांगू का, छान वाटतं. काचा वर केल्या की बाहेरचं जग जरा लांब जातं. पंखा लावला, रेडिओ लावला. कुणीतरी जुनं गाणं लावलं होतं. मी कुणाला काही सांगत नव्हतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. डोळा लागला.

चार वाजता वर गेलो तर डबे सगळे इकडचे तिकडे, तिच्या पूर्वीच्या जागी. मी एक शब्द बोललो नाही. जिभेवर आलेलं गिळलं हे खरं.

१७ डिसेंबर, बुधवार

ही अक्काशी फोनवर बोलत होती. मी खोलीत गेलो तरी थांबली नाही. म्हणत होती, "सहा महिने नाही गं जमायचं. पंधरा दिवस येते." मग मला म्हणाली, जायचं आणि यायचं तिकीट काढून द्या. यायचं आधी काढलं. तारीख तिने सांगितली तीच घातली, एक दिवस अलीकडची घालण्याचा मोह झाला होता.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी गाडीत बसलो होतो. रेडिओ बारीक होत गेला आणि बंद पडला. पंखाही थांबला. किल्ली फिरवली तर टक् टक्.

गॅरेजला फोन लावला. कॅप्टननेच उचलला. आवाजावरून ओळखलं असावं, कारण जरा सावध झाली. "बोला काका. तक्रार काय लिहू?"

"तक्रार काही नाही," मी म्हटलं. "बॅटरी मीच उतरवली. सुरू करून द्यायला माणूस पाठव, तपासणी नको."

ती मग म्हणाली, "काकू बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. वर आहेत."

माणूस यायला तासभर लागेल म्हणाली, तोवर घरी जाऊन बसा. घड्याळात तीन वाजले होते. आमच्या खिडकीतून हिचं गाणं ऐकू येत होतं, सूर कधीच धड लागत नाही तिचा. मी दार थोडं किलकिलं केलं आणि माणूस येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.